ब्रेस्ट रिडक्शनचा क्लेम: डेस्कवरचं तोंडी 'नाही' धरून बसू नका

तुम्ही लिहिलंय की मान-खांदे वर्षानुवर्षं दुखतायत, उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी सोलवटते, सर्जननी रिडक्शन, म्हणजे स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया, सुचवलंय आणि रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेशी व्यवहार पाहणारा विभाग) 'हे कॉस्मेटिक आहे, मिळणार नाही' असं सांगितलं. मी अशाच डेस्कवर बरीच वर्षं काम केलंय. तिथलं तोंडी 'नाही' म्हणजे कंपनीचा निर्णय नव्हे.

आधी पॉलिसीतलं एक्सक्लूजन (विम्यातून वगळलेल्या खर्चाचं कलम) क्रमांक ८ वाचा. त्याची भाषा आयआरडीएआयनेच, म्हणजे विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकानेच, ठरवून दिली आहे. दिसणं बदलण्यासाठीची प्लास्टिक सर्जरी त्यात वगळली आहे. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना मात्र चालते, आणि आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक असलेली शस्त्रक्रियाही चालते. ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करायला हवी. तुम्हाला याच वाटेनं जायचंय. 'थेट व तातडीचा' हे शब्द कडक आहेत आणि कंपनी नेमकी तिथेच अडवते, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी फाइल तयार हवी.

नुसतं 'पाठदुखी' लिहून भागत नाही. ऑर्थोपेडिककडून खांद्यावरचे ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ, हाताला येणाऱ्या मुंग्या, फिजिओथेरपी करूनही न पडलेला फरक हे सगळं लिहून घ्या. स्किनच्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या तारखांसकट लावा. सर्जनच्या पत्रात मॅक्रोमास्टिया (स्तनांची अतिवाढ) हे निदान, एन६२ हा आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक) आणि प्रत्येक बाजूनं अंदाजे किती ग्रॅम ऊती काढणार, हे हवं. वजन जास्त असेल तर 'आधी ते कमी करा' हा शेरा येतोच, तेव्हा आहारतज्ज्ञांचे कागदही जोडा.

प्रीऑथ फॉर्म (उपचाराआधी कंपनीची मंजुरी मागणारा अर्ज) जाण्याआधी स्वतः वाचा, हे कळकळीनं सांगते. एका केसमध्ये सर्जनचं पत्र उत्तम होतं, पण फॉर्मवर तक्रारीच्या रकान्यात निवासी डॉक्टरांनी घाईत 'आकार कमी करून हवा' एवढंच लिहिलं. कंपनीनं नकाराच्या पत्रात तेवढंच वाक्य उचललं.

पॉलिसी नवी असेल तर आधीपासूनच्या आजाराचा मुद्दा निघेल. त्याचा प्रतीक्षाकाल आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. काही लपवू नका, त्यानं पुढे क्लेमच काय, पॉलिसीही जाऊ शकते. नोकरीतली ग्रुप पॉलिसी असेल तर बऱ्याचदा ही अट नसते. एचआरकडून पूर्ण मसुदा मागून घ्या.

कॅशलेस (कंपनीनं थेट रुग्णालयाला बिल भरणं) नाकारलं म्हणजे क्लेम संपला असं नाही. पैशांची सोय होत असेल तर शस्त्रक्रिया करून रिइम्बर्समेंटला (आधी खर्च करून नंतर भरपाई मागण्याला) टाका. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट्स आणि काढलेल्या ऊतींचं वजन असलेला हिस्टोपॅथॉलॉजी (ऊतींच्या तपासणीचा) रिपोर्ट लागेल. नकार आला तर तो कारण आणि कलमासकट लेखी घ्या, आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. मुंबईला आणि पुण्याला कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

पॉलिसी किती जुनी आहे आणि वैयक्तिक आहे की ग्रुप, ते कळवा. सर्जनच्या पत्रातले मुद्दे इथेच टाकलेत तरी बघून सांगते, फक्त नाव आणि पॉलिसी नंबर खोडा.