सर्वेक्षणाला निघण्याआधी एवढं कर

कोविडकाळातल्या वागण्याचं सर्वेक्षण करायला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या गावांत जाणार म्हणालीस, म्हणून लिहिते. "कोविडमध्ये मास्क घालत होता का?" हा प्रश्न आधी खोडून टाक. ह्याला सगळे "हो" म्हणतात. तू शिकलेली, हातात फॉर्म, नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा विचार, "त्या वेळी शेवटचं बाजाराला गेलात तेव्हा काय काय झालं?" एका आजींनी मला पदर नाकावर ओढूनच दाखवला. मास्क होता, पण तो खुंटीला, पोलीस दिसले की लावायचा. त्यांचं वागणं मला त्या पदरात कळलं, फॉर्ममधल्या "हो"त नव्हे.

काळ नेमका धर. मार्च 2020 ची टाळेबंदी आणि 2021 ची दुसरी लाट लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळतात. "पेरणी झाली होती का? कोगनोळीच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमा नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागत होते का?" असं विचारलं की धागा सापडतो. इथे सोयरीक कोल्हापुरात, दवाखाना बेळगावात. त्यामुळे नाका बंद झाल्यावर माणसं काय करत होती, हे जरूर विचार.

प्रश्नावली मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत तपासून घे. कन्नडमधला मजकूर दुसऱ्याकडून परत मराठीत करवून बघ, अर्थ कुठे सरकला ते लगेच दिसतं.

आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा कार्यकर्तीला, सोबत नेऊ नकोस. त्यांचा मान मोठा, पण त्यांच्यासमोर लस नाकारल्याचं कोणी बोलणार नाही. त्यांना स्वतंत्र भेट, निवांत.

आणि घरात कुणी गेलं असेल तर वही मिटून बस.