एडिसन, टॅम्पा, पोकोनो आणि पुणे : कायमचे घर कोणते दाखवावे?

सप्रेम नमस्कार.

इतर वाचकांनाही संदर्भ लागावा म्हणून आपल्या पत्राचा आशय आधी थोडक्यात देतो. आपले वय 69 आहे आणि पत्नीचे 67. न्यू जर्सीतील एडिसनमध्ये 1998 साली घेतलेले राहते घर, फ्लोरिडातील टॅम्पात एक काँडो (मालकीचा फ्लॅट), पेन्सिल्व्हेनियातील पोकोनो भागात एक छोटे घर आणि पुण्यात भाड्याने दिलेला फ्लॅट अशी आपली मालमत्ता आहे. वर्षातले सुमारे सात महिने आपण एडिसनला असता, जानेवारी ते मार्च टॅम्पाला आणि दिवाळीला धरून दोन महिने पुण्याला. फ्लोरिडात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, तेव्हा तिथले ड्रायव्हिंग लायसन्स काढावे, एडिसनमधले दिवस 183 च्या आत आणावेत, घर मात्र नातवंडांसाठी तसेच ठेवावे, असा आपला बेत आहे. शिवाय आपल्या जुन्या कंपनीच्या शेअर्समध्ये सुमारे 4,00,000 डॉलरचा नफा साठलेला असून बचतीचा मोठा हिस्सा एकाच कंपनीत अडकू नये म्हणून ते शेअर्स आपल्याला विकायचे आहेत.

दरवर्षीचा कर वाचवण्यासाठी हा बदल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेअर्सच्या विक्रीसाठी तो करण्यात अर्थ असू शकतो, परंतु मग मुक्काम खरोखरच हलवावा लागेल आणि लायसन्स बदलून भागणार नाही.

आधी 183 दिवसांविषयी, कारण आपल्या मित्रमंडळींप्रमाणेच आपलाही यात गैरसमज झालेला दिसतो. ज्याचे कायद्याच्या दृष्टीने कायमचे घर, म्हणजे डोमिसाइल, न्यू जर्सीबाहेर आहे, पण ज्याने न्यू जर्सीत वर्षभर राहते घर ठेवले आहे आणि जो तिथे 183 पेक्षा अधिक दिवस राहतो, त्यालाही रहिवासी धरून पूर्ण उत्पन्नावर कर लावता यावा, यासाठी हा नियम आहे. तो बाहेरच्या माणसाला आत ओढतो, आतल्या माणसाला बाहेर सोडत नाही. आपले डोमिसाइल आज न्यू जर्सीत आहे आणि नवे डोमिसाइल खऱ्या अर्थाने प्रस्थापित होईपर्यंत ते तिथेच राहते, मग आपण एडिसनला दीडशे दिवस राहा की शंभर. पुण्यातले दोन महिने न्यू जर्सीच्या हिशेबातून वजा होतात हे खरे, पण ते फ्लोरिडाच्या खात्यात जमा होत नाहीत. डोमिसाइल बदलले हे सिद्ध करण्याचा भारही बदलाचा दावा करणाऱ्यावर असतो.

आता आकडे पाहू. निवृत्ती खात्यांतून आपण वर्षाला 85,000 डॉलर काढता, व्याज आणि लाभांश मिळून 20,000 येतात आणि पुण्याचे भाडे खर्च वजा जाता 5,000 च्या आसपास पडते. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचे, 48,000 डॉलर न्यू जर्सी मोजतच नाही. म्हणजे राज्याच्या लेखी आपले उत्पन्न 1,10,000 डॉलर झाले. एकत्र रिटर्न भरणाऱ्या आणि 62 वर्षे पूर्ण झालेल्या दांपत्याचे हे उत्पन्न 1,00,000 पर्यंत असेल, तर पेन्शन आणि निवृत्ती खात्यांतील तेवढी सगळी रक्कम करातून वगळता येते. 1,00,000 च्या वर आणि 1,25,000 पर्यंत निम्मी, तिथून 1,50,000 पर्यंत पाव, आणि त्यापुढे काहीच नाही. आपल्याला आज निम्मी सवलत मिळते. त्यातून वयानुसार मिळणाऱ्या वैयक्तिक सवलतींचे 4,000 आणि एडिसनच्या प्रॉपर्टी टॅक्सचे 12,000 वजा केले की 51,500 डॉलर करपात्र उरतात आणि त्यांवरचा कर होतो साधारण 840 डॉलर. एवढ्यासाठी घर हलवायचे काय?

याहून सोपा उपाय एडिसनमध्ये बसूनच करता येतो. निवृत्ती खात्यांतून वर्षाला 10,000 डॉलर कमी काढून ती गरज बँकेतल्या बचतीतून भागवली, तर उत्पन्न बरोबर 1,00,000 वर येते, पूर्ण सवलत लागू होते आणि कर सव्वाशे डॉलरच्या आसपास उतरतो. मर्यादा एका डॉलरने ओलांडली तरी सवलत निम्मी होते, म्हणून डिसेंबरमध्ये लाभांशाचा आकडा पाहूनच शेवटची रक्कम काढावी. 73 व्या वर्षापासून खात्यांतून सक्तीने पैसे काढावे लागतील, तेव्हा ही मोकळीक बरीचशी संपेल. ती चार वर्षे वाया घालवू नयेत.

कागदोपत्री फ्लोरिडाला गेल्यास आपण काय गमवाल, तेही पाहायला हवे. अँकर, सीनियर फ्रीझ आणि स्टे एनजे या प्रॉपर्टी टॅक्सवर मदत देणाऱ्या योजना न्यू जर्सीत मुख्य घर असलेल्यांसाठीच आहेत. 2024 च्या करासाठी स्टे एनजेची रचना अशी होती की 65 वर्षांवरील पात्र घरमालकाला या योजनांतून एकत्रितपणे कराच्या निम्म्यापर्यंत, कमाल 6,500 डॉलरपर्यंत मदत मिळावी. आपल्या बाबतीत ती वर्षाला 6,000 च्या घरात जाते. टॅम्पाच्या काँडोला होमस्टेड सवलत, म्हणजे मुख्य राहत्या घरासाठीची फ्लोरिडाची प्रॉपर्टी टॅक्स सवलत, लागली तर मूल्यांकनातून सुमारे 50,000 डॉलर वगळले जातात आणि पुढील मूल्यांकन वर्षाला जास्तीत जास्त 3 टक्क्यांनी वाढू शकते. हा फायदा खरा आहे, परंतु पहिल्या काही वर्षांत 6,000 ची भरपाई करण्याइतका मोठा नाही. दोन्ही राज्यांच्या सवलती एकदम घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. होमस्टेड चुकीने घेतल्याचे उघड झाल्यास फ्लोरिडा मागील दहा वर्षांपर्यंतचा बुडालेला कर, त्यावर 50 टक्के दंड आणि 15 टक्के वार्षिक व्याज वसूल करू शकते.

शेअर्सचे गणित वेगळे आहे. 4,00,000 डॉलरचा नफा न्यू जर्सीचे रहिवासी म्हणून एकाच वर्षी घेतला, तर पेन्शनची सवलत पूर्ण जाते आणि त्या वर्षीचा राज्याचा कर 27,400 डॉलरच्या आसपास होतो, म्हणजे नेहमीपेक्षा साडेसव्वीस हजार जास्त. त्या वर्षीची प्रॉपर्टी टॅक्सची मदतही उत्पन्नाच्या मर्यादेमुळे हुकेल. पाच वर्षांत समान तुकड्यांनी विकले तर पाचही वर्षे पेन्शनची सवलत हुकत असल्याने राज्याचा जादा कर उलट 31,000 पर्यंत जातो. तरीही तुकडे करण्यातच हित आहे, कारण एकदम विकल्यास 2,50,000 डॉलरच्या वरच्या उत्पन्नामुळे केंद्राचा (अमेरिकेच्या संघ सरकारचा) 3.8 टक्क्यांचा गुंतवणूक कर सुमारे 11,400 डॉलर लागतो आणि दोन वर्षांनी मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, हप्ताही फुगतो. शेअर्सवरील नफा विक्रेता जिथला रहिवासी असेल त्या राज्याकडे जातो, त्यामुळे विक्रीपूर्वी आपण खरोखर फ्लोरिडाचे झाला असाल, तर न्यू जर्सीला त्यात वाटा मागता येत नाही. निवृत्ती खात्यांचेही तेच आहे. दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाच्या पेन्शनवर जुन्या राज्याने कर लावू नये, असा केंद्राचा कायदा 1996 पासून लागू आहे.

परंतु खरोखर जाणे म्हणजे काय, हे तपासणी अधिकारी दिवसांपलीकडे जाऊन पाहतात. मोठे आणि अधिक वापरातले घर कोणते, डॉक्टर कुठले, ई-झीपास (गाडीचा टोल भरण्याचे साधन) आणि क्रेडिट कार्ड वर्षभर कुठे वापरले गेले, जिवाभावाच्या वस्तू कुठे आहेत. देवघर, पूजेतले टाक, लग्नातली चांदीची भांडी आणि मुलांचे अल्बम एडिसनच्या घरात, आणि टॅम्पात नव्वद दिवसांपुरते दोन बॅगांचे सामान, असे चित्र असेल तर फ्लोरिडाच्या कोर्ट क्लार्ककडे नोंदवलेले डोमिसाइलचे प्रतिज्ञापत्र फार काळ टिकणार नाही. दोन राज्यांचे एकमत होईलच असेही नाही. कॅम्पबेल सूप कंपनीचे प्रमुख जॉन डोरन्स 1930 मध्ये वारले, तेव्हा त्यांचे एक घर न्यू जर्सीत आणि दुसरे पेन्सिल्व्हेनियात होते. दोन्ही राज्यांच्या न्यायालयांनी त्यांना आपापले रहिवासी ठरवले आणि दोन्ही राज्यांनी वारसा कर पूर्ण वसूल केला.

पोकोनोचे घर या सगळ्यापासून अलिप्त आहे. आपण कुठलेही रहिवासी झालात तरी पेन्सिल्व्हेनियातील स्थावर मालमत्तेवर त्या राज्याचा वारसा कर लागतोच. पती-पत्नीत तो शून्य आहे, पण मुलांना 4.5 टक्के. घराची किंमत 3,00,000 धरली तर 13,500 डॉलर. ट्रस्टमध्ये घर घातल्याने तिथल्या कोर्टातले प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र सिद्ध करण्याची प्रक्रिया, टळते, एवढ्याने कर टळत नाही. पुण्याच्या भाड्याबाबत एक बारकी गोष्ट सांगतो : भारतात भरलेल्या कराचे श्रेय केंद्राच्या रिटर्नमध्ये मिळते, न्यू जर्सी ते देत नाही.

सर्वांत महाग पडू शकते ती बाब आपल्या पत्रात नाही. एडिसनच्या घरावर आज सुमारे 4,50,000 डॉलरचा नफा आहे. विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षे ते आपले मुख्य घर असेल, तर दांपत्याला 5,00,000 पर्यंतचा नफा करमुक्त मिळतो. मुख्य घर टॅम्पाला नेऊन एडिसन नातवंडांसाठी म्हणून तीन वर्षांहून अधिक काळ ठेवले, की ही सवलत संपली. त्यानंतर विकल्यास केंद्राचा 15 टक्के करच 67,500 डॉलर होतो, शिवाय घर न्यू जर्सीत असल्याने ते राज्यही आपला हिस्सा घेईल. (लोक ज्याला एक्झिट टॅक्स म्हणतात तो वेगळा कर नाही. बाहेरच्या विक्रेत्याकडून याच कराची आगाऊ घेतलेली रक्कम असते ती.) घर मृत्यूपर्यंत ठेवून मुलांना द्यायचे असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून आपल्यापुढे खरे पर्याय दोनच आहेत. एडिसनला राहावे, शेअर्स तुकड्यांनी विकून त्या वर्षांचा जादा कर मुकाट्याने भरावा, विक्री नसलेल्या वर्षी उत्पन्न 1,00,000 च्या आत ठेवावे आणि हवे तितके दिवस टॅम्पाला जावे. नातवंडांकडे पाहता मी हाच मार्ग सुचवतो. मनापासून फ्लोरिडालाच जायचे असेल, तर एडिसनचे घर विकावे किंवा तीन वर्षांच्या आत विकण्याचे ठरवूनच निघावे, वर्षाचा मोठा भाग टॅम्पात काढावा, लायसन्स, मतदार नोंदणी, डॉक्टर, मृत्युपत्र आणि देवघर तिकडे न्यावे, होमस्टेडचा अर्ज 1 मार्चच्या आत करावा, न्यू जर्सीचे त्या वर्षीचे रिटर्न अंशकालीन रहिवासी म्हणून भरावे आणि शेअर्स त्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षात विकायला काढावेत. विक्रीची ऑर्डर देण्यापूर्वी दोन्ही राज्यांत काम करणाऱ्या सीपीएकडून (परवानाधारक लेखापालाकडून) त्या वर्षीचे दर आणि मर्यादा तपासून घ्याव्यात.