गोळी सुरू झाली, आता वही बंद करू का?

प्रश्न : आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. मुलगा ९ वर्षांचा आहे, त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. दोन-तीन शब्द जोडून बोलतो. यंदाच्या पावसात तो मनगटाला चावू लागला, भिंतीवर डोके आपटू लागला. मनगटावर घट्टे पडले. डॉक्टरांनी रात्री रिस्पेरिडोनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. महिन्याभरात तो बराच शांत झाला. पण आता सारखे खायला मागतो. पेज जेवून हात धुतो न धुतो तोच परत स्वयंपाकघरात येतो. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला डोक्याची गोळी नको, उद्यापासून बंद कर. नवरा म्हणतात, गोळीनेच गुण आला तर थेरपीचा खर्च कशाला, आणि त्याच्या वागण्याची ती रोज लिहायची वही तरी कशाला? मी दोघांच्या मधे अडकले आहे.

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट पक्की करा. गोळी उद्यापासून बंद करायची नाही. हे औषध एकदम तोडले तर झोप उडते, मळमळ होते, काही मुलांच्या तोंडाच्या नाहीतर हातांच्या विचित्र हालचाली सुरू होतात आणि चावणे पहिल्यापेक्षा जोरात परत येऊ शकते. मग घरातले सगळे म्हणतात, बघा, गोळीशिवाय याचे चालतच नाही. त्यात तुमच्या मुलाचा दोष नसतो आणि तो निष्कर्षही बरोबर नसतो. कमी करायची असेल तर ती डॉक्टरांच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने.

सासूबाईंची काळजी मात्र मनावर घ्या. भूक वाढली ती गोळीमुळे. पोरगा हावरट झालेला नाही. स्वमग्नतेत रिस्पेरिडोन देण्यावरचा एक खूप उल्लेख होणारा अभ्यास २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. स्वमग्नता असलेली आणि तीव्र चिडचिड, मारणे, स्वतःला इजा करणे असा त्रास असलेली १०१ मुले त्यात होती. आठ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली. औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवर ती १२ टक्क्यांत दिसली. फरक मोठा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. पण त्याच आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचे वजन सरासरी २.७ किलोने वाढले, दुसऱ्या गटाचे ०.८ किलोने. म्हणून दर महिन्याला आरोग्य केंद्रातल्या एकाच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. रक्तातली साखर आणि चरबी कधी तपासायची, हे डॉक्टरांना पुढच्या भेटीत आपणहून विचारा. विचारायला संकोच करू नका. तुमच्या मुलाच्या शरीराचा प्रश्न आहे.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. गोळीने मूल शांत झाले, म्हणजे चावण्याची ओढ आणि जोर कमी झाला. पण ते चावत कशासाठी होते, हे गोळीला ठाऊक नसते. कुठलेही मूल विनाकारण चावत नाही. गृहपाठाची वही समोर आली की चावले आणि वही बाजूला गेली, तर चावण्याने त्याचे काम झाले. आई फोनवर आहे, चावले आणि आई धावत आली, तरी काम झाले. कधी कान ठणकत असतो, दात किडलेला असतो, चार दिवस पोट साफ झालेले नसते. वर्तन-विश्लेषणाचे, म्हणजे वागण्यामागचे कारण बघून शिकवणाऱ्या थेरपीचे, पहिले काम हे कारण शोधण्याचे आहे. दुसरे काम त्याच कारणासाठी मुलाच्या हाती चावण्यापेक्षा सोपे साधन देण्याचे: ‘नको’चे कार्ड, ‘थांब’ची खूण, ‘आई ये’ असे दोन शब्द. १९८५ साली कार आणि ड्युरँड या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. जे मूल त्रासदायक वागून जे मिळवत होते, तेच त्याला मागायला शिकवले की ते वागणे झपाट्याने कमी होते.

आपल्याकडे खाडीकाठच्या खाजन शेताचा फुटलेला बांध दुरुस्त करायचा तर माणसे ओहोटीची वाट बघतात. भरतीत चिखल टिकत नाही. तुमच्या घरात सध्या ओहोटी आहे. मुलगा जागेवर बसतो आहे, तुमच्याकडे बघतो आहे, हात रिकामे आहेत. शिकवायची वेळ हीच आहे. थेरपी आता थांबवली तर ही शांतता नुसती निघून जाईल. यावरही अभ्यास झाला आहे. २००९ मध्ये १२४ मुलांवर २४ आठवडे काम झाले. एका गटाला फक्त औषध दिले, दुसऱ्या गटाला औषधासोबत आईवडिलांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटातली मुले जास्त सुधारली, आणि शेवटी त्यांना लागणारा डोसही थोडा कमी होता. सासूबाईंना हे जरूर सांगा. गोळी कमी व्हावी असे त्यांना वाटत असेल, तर त्याची वाट थेरपीतूनच जाते.

आणि ती वही. माझा सगळा भर तिच्यावर आहे. वहीत निबंध लिहायचा नाही. किती वाजता, आधी काय चालले होते, त्याने काय केले, मग आपण काय केले, एवढेच. सोबत रात्रीची झोप, शौचाला झाले की नाही, आणि डोस बदलला असेल तर त्या तारखेवर लाल पेनने उभी रेघ. रेघेच्या अलीकडे किती, पलीकडे किती, हे डॉक्टरांना दहा सेकंदांत दिसते. ‘बरा आहे’, ‘तसाच आहे’ असे तोंडी सांगण्यावर डोस ठरू लागला की तो बहुधा वाढतच जातो, कारण आपल्याला आठवतात ते वाईट दिवस.

एका वेळी एकच गोष्ट बदला. नवीन गोळी, नवीन शाळा आणि नवीन थेरपी एकाच आठवड्यात सुरू झाली, तर फरक कशाने पडला ते देवालाही सांगता येणार नाही. चवथीच्या तोंडावर तर डोस बदलून घेऊच नका, अगदीच निकड नसेल तर. घरात पाहुणे, रात्री उशिरापर्यंत घुमट-कांसाळ्यांच्या आरत्या, फटाके, अवेळी जेवणे, त्या आठवड्यात तुमच्या मुलाचे वागणे बदलणारच. त्याचा दोष नव्या डोसाला जाईल, नाहीतर श्रेय.

एक बारकी गोष्ट सांगते, कारण ती फार जणांच्या नजरेतून सुटते. भूक वाढली की मुलाला काय हवे आहे तेच बदलते. पूर्वी तो अभ्यास टाळायला चावत असेल. आता पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकला आणि उंडो (पाव) लगेच मिळाला नाही म्हणून चावेल. बाहेरून चावणे तेच दिसते, कारण नवे असते. जुन्या कारणावर आखलेली थेरपी मग लागू पडत नाही आणि सगळे म्हणतात, डोस वाढवा. तुमच्या थेरपिस्ट खाऊचे बक्षीस देऊन शिकवत असतील तर त्यांनाही हे सांगा. भूक वाढल्यामुळे मूल भराभर शिकल्यासारखे दिसते. डोस उतरला, भूक ओसरली की तोच खाऊ फिका पडतो. बक्षिसात खेळ, झोपाळा, आवडते गाणे हेही ठेवायला सांगा.

खर्चाचे म्हणाल तर नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना बघा. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, स्वमग्नता त्यात येते, आणि औषधांसोबत थेरपीचाही विचार होतो. अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागेल. अजून काढले नसेल तर आता काढा.

प्रश्न : मी म्हापशाजवळ एका शाळेत विशेष शिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीची गोळी वाढवल्यापासून ती मारत नाही, पण दिवसभर पेंगते, खेळत नाही, हाक मारली तरी बघत नाही. पालक खूश आहेत. डॉक्टरांना ‘डोस चुकला’ असे मी सांगू शकते का?

उत्तर : ‘डोस चुकला’ हे सांगायचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही. औषध देणे, बदलणे, थांबवणे हे डॉक्टरांचे काम. पण गप्प बसण्याचा अधिकारही आपल्याला नाही, असे मी मानते. दिवसाचे पाच-सहा तास ती मुलगी तुमच्यासमोर असते; डॉक्टरांना ती काही मिनिटे दिसते.

तुम्ही जे पाहिलेत ते मोलाचे आहे. फक्त ते आकड्यांत मांडा. मारणे आठवड्याला कितीवरून कितीवर आले, आणि त्याच आठवड्यांत हाकेला ओ देणे, खेळणे, स्वतः हात धुणे हे कितीवरून कितीवर आले. मारणे खाली आले आणि बाकीचे जिथल्या तिथे राहिले, तर औषध लागू पडते आहे. सगळेच एकत्र खाली आले असेल तर मूल सुधारलेले नाही, गुंगीत आहे. म्हणून त्रासदायक वागणे मोजायला घ्याल तेव्हा शेजारी एक तरी चांगले वागणे मोजत चला, नेहमीच.

याच्या उलटही घडते, आणि ते जास्त धोक्याचे. रिस्पेरिडोनच्या जातीच्या औषधांनी काही मुलांना आतून तगमग होते. मूल बसू शकत नाही, येरझाऱ्या घालते, पाय हलवत राहते, चिडते. ज्याला बोलता येत नाही ते हे सांगणार कसे? बघणाऱ्याला वाटते वर्तन बिघडले; डोस वाढतो; तगमग आणखी वाढते. डोस वाढल्यावर काही दिवसांत अशी येरझार सुरू झाली तर तारखेसह लिहून पालकांच्या हाती त्याच दिवशी द्या आणि डॉक्टरांना लगेच कळवायला सांगा. लाळ गळणे, हात थरथरणे, मान वाकडी होणे यासाठीही थांबू नका.

पालकांकडून लेखी परवानगी घ्या आणि एक पानाचा तक्ता डॉक्टरांना पाठवा. मत नको, मोजणी द्या. शेवटी प्रश्न लिहा: ‘दुपारची पेंग औषधाच्या वेळेशी संबंधित असू शकते का?’ माझा अनुभव असा की असे पान हाती पडले की डॉक्टर वाचतात, आणि बरेचदा फोनही करतात. मुलगी कोणते औषध घेते हे शाळेला माहीत हवेच. पण मोजणाऱ्या मदतनीस बाईंना पुढचा डोस नेमका कधी बदलणार हे माहीत नसले तर उत्तम. मग अपेक्षेमुळे मोजणी एका बाजूला झुकत नाही.

प्रश्न : वाळपईहून लिहिते आहे. मुलगी ३ वर्षांची, अजून बोलत नाही. नातेवाईक म्हणतात बोलण्यासाठी गोळी मिळते. खरे का?

उत्तर : नाही. स्वमग्नतेत बोलणे यावे म्हणून सिद्ध झालेली कुठलीही गोळी आज नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या मुलांसाठी दोन औषधांना मान्यता दिली, २००६ मध्ये रिस्पेरिडोन आणि २००९ मध्ये अरिपिप्राझोल. दोन्ही तीव्र चिडचिडीसाठी, बोलण्यासाठी नव्हे. तुमच्या मुलीला स्वमग्नता आहे असेही तुम्ही लिहिलेले नाही. आधी कान तपासा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात श्रवणचाचणी होते. मग बालरोगतज्ज्ञांना सांगून तिच्या वाढीची पूर्ण तपासणी करून घ्या. पर्वरीच्या ‘सेतू’ केंद्रात बालविकासाचे काम होते, तिथेही विचारा. निदान होईपर्यंत वाट बघत बसू नका. तिला हवी असलेली वस्तू दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि तिने बोट दाखवले, हात ओढला, कसलाही आवाज केला की लगेच द्या, वस्तूचे नाव घेत. वाळपईहून बांबोळी लांब आहे, हे मला ठाऊक आहे. तरी कानाची तपासणी याच महिन्यात करा.