कोकम बाम आणि परत आलेलं एसडीएस

कोकमतेल आणि जायफळाच्या तेलाचा टाचांचा बाम, जर्मनीतलं गिऱ्हाईक ‘सेफ्टीचे कागद’ मागतंय, आणि पुरवठादाराचं एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, कच्च्या मालाच्या सुरक्षिततेचा कागद) पाठवलं तर ते परत आलं, असं तुम्ही लिहिलंय. मीही इथेच अडकलो होतो. परवाना, लेबल हे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडतो.

एसडीएस माल हाताळणाऱ्यासाठी असतं: ड्रम सांडला तर काय, डोळ्यांत गेलं तर काय. विषारीपणाची माहिती ११व्या विभागात. तिथे ‘उपलब्ध नाही’ लिहिलंय म्हणजे जिन्नस निर्धोक, असं मुळीच नाही. आकडा असलाच तर बहुतेक एलडी५०, म्हणजे एका दमात किती दिलं तर निम्मे उंदीर मरतात. रोज टाचेला चोळणाऱ्याचं त्यावरून काय कळणार? माल वापरणाऱ्यासाठी सुरक्षित आहे का ते तपासून सही करणाऱ्या माणसाला, म्हणजे मूल्यांकन करणाऱ्याला, हवा एनओएईएल: वारंवार देऊनही अपाय न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा.

एनओएईएल किती हवा, त्याचा हिशेब असा. अंगभर लावायचं लोशन दिवसाला ७.८२ ग्रॅम धरतात. त्यात घटक १% असेल तर ७८.२ मिग्रॅ. ६० किलोच्या माणसाला किलोमागे १.३. कातडीतून किती शिरतं याची माहिती नसेल तर ५०% धरतात, म्हणजे ०.६५. सुरक्षिततेसाठी त्याच्या शंभरपट, म्हणजे किलोमागे ६५ मिग्रॅ किंवा जास्त एनओएईएल हवा. टाचेच्या बामाला मात्रा कमी लागेल, पण ते मूल्यांकन करणाऱ्याला ठरवू दे.

तुमची खरी गोम जायफळात आहे. त्याच्या तेलात सॅफ्रोल नावाचं द्रव्य असतं आणि युरोपात तयार मालात त्याची मर्यादा १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग). तेलात सॅफ्रोल २% निघालं आणि बामात तेल १% घातलं, की झाले २०० पीपीएम. म्हणून त्याच लॉटचा जीसी-एमएस अहवाल (तेलात कुठलं द्रव्य किती, ते सांगणारी प्रयोगशाळेची तपासणी) मागा, नमुन्यादाखलचा जुना नको. तेलातल्याच मिथाइल युजेनॉल या दुसऱ्या द्रव्याचाही आकडा बघा, त्याची मर्यादा याहून कडक. लिमोनीनसारखी ॲलर्जीकारक द्रव्यं अंगावर राहणाऱ्या मालात ०.००१ टक्क्यावर गेली तर लेबलावर छापावी लागतात.

एका कार्यालयाने माझी फाइल तीनदा ‘कागद अपुरे’ म्हणून परत केली. कुठला कागद, ते एकदाही लिहिलं नाही. लेबलं छापून तयार होती, सगळी रद्दीत गेली. म्हणून सांगतो, आधी मूल्यांकन करणाऱ्याकडून यादी लेखी घ्या, मग छपाई.

कोकमतेल घरचं, बिया उकळून काढलेलं असेल तर ‘आजीपासून लावतो’ हा कागद होत नाही. त्यात पाणी राहतं आणि तेल खवट होतं. मंद आचेवर पाणी उडवा, गाळा, मग आम्लांक आणि पेरॉक्साइड (दोन्ही तेल किती खराब झालंय ते दाखवतात), ओलावा आणि जड धातू तपासून घ्या, दर घाण्याला वेगळा बॅच नंबर द्या. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांना २०१४पासून बंदी आहे, तेव्हा ‘प्राण्यांवर टेस्ट करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

मी विषशास्त्रज्ञ नाही. शेवटची सही पात्र माणसाचीच लागते, आणि वरचा हिशेब त्याच्याकडून तपासून घ्या.