वाचकांचे प्रश्न : घरात एकटीच व्हीगन

या वेळच्या टपालात व्हीगन आहाराबद्दलची पत्रं इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. मला स्वतःला दूध, अंडी, मांस, मासे, मध सगळं सोडून 11 वर्षं झाली. त्यामुळे आज पुस्तकातलं कमी आणि माझ्या ओट्यावरचं जास्त सांगणार आहे.

प्रश्न : ताई, तीन महिन्यांपूर्वी मी व्हीगन झाले. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. त्यांना सगळ्यांना दूध, अंडी, चीज हवंच असतं. संध्याकाळी कामावरून आले की आधी त्यांचा स्वयंपाक करते, मग माझा. माझ्यापर्यंत येईतो अंगात त्राण उरत नाही, मग भात आणि एखादी भाजी खाऊन उठते. रात्री अकराला पुन्हा भूक लागते. वजन चार किलोंनी उतरलंय. सासूबाई रोज म्हणतात, ‘हे सोड आता.’ माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचा निर्णय चुकलेला नाही, तुमचं जेवण कमी पडतंय. पत्र वाचल्यावर पहिल्यांदा तेच जाणवलं. ताटातून दूध, दही, चीज, अंडी उचललीत आणि त्या जागी काहीच ठेवलं नाहीत. भात-भाजीवर पोट दोन तास भरलेलं राहतं, त्यापुढे नाही.

आकडेमोड एकदाच करा. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किमान 0.8 ग्रॅम प्रथिनं लागतात. वनस्पतींमधली प्रथिनं पचायला थोडी कमी पडतात, म्हणून मी स्वतः किलोमागे 1 ग्रॅम धरते. वजन 55 किलो असेल तर 55 ग्रॅम. एक कप शिजलेल्या मसुरात साधारण 18 ग्रॅम, 100 ग्रॅम घट्ट टोफूत (सोयाबीनच्या पनीरात) 12 ते 15, पेलाभर सोया दुधात 7 आणि दोन मोठे चमचे शेंगदाण्याच्या लोण्यात 7. जुळवायला अजिबात कठीण नाही, पण प्रत्येक जेवणात कडधान्य किंवा सोयाबीनचं काहीतरी असलंच पाहिजे. तेल, दाणे, तीळ, काजू यांना भिऊ नका. अंगात उष्मांक जात नाहीत म्हणून तर वजन उतरतंय. तरीही तीन महिन्यांत चार किलो ही गोष्ट मी नुसत्या पत्रावर सोडणार नाही. डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घ्या.

आता दोन स्वयंपाकांबद्दल. ते आजपासून बंद करा. पहिलं वर्ष मीही तेच केलं आणि त्या वर्षात माझी चिडचिड घरातल्या प्रत्येकाने सोसली. आमच्याकडे आता पदार्थ एकच शिजतो, तेलात, आणि त्यात प्राण्यांपासून आलेलं काही नसतं. ज्याला चीज हवं तो आपल्या ताटात किसून घेतो, ज्याला दही हवं तो वाटी शेजारी ठेवतो, अंडं हवं असेल तर ते वेगळं उकडलेलं असतं. टोमॅटोचं सार, भाज्यांचा रस्सा, पास्ता, भाताचे प्रकार सगळं असंच निभतं. फक्त सुका पास्ता घ्या. तो बहुधा गहू आणि पाण्याचाच असतो, ताज्या पास्त्यात अनेकदा अंडं घातलेलं असतं.

घरच्यांना ‘हे फिकं लागतं’ असं वाटत असेल तर त्यांचं म्हणणं ऐका, ते खरं असतं. चीज आणि मांस गेलं की स्निग्धपणा जातो आणि जिभेवर रेंगाळणारी ती खोल चवही जाते. मशरूमचे काप कोरड्या तव्यावर पाणी आटून तपकिरी होईपर्यंत भाजा, मगच तेल घाला. टोमॅटोचा लगदा तेलात गडद होईपर्यंत परता. शेवटी चमचाभर सोया सॉस. चार तास भिजवलेले काजू थोड्या पाण्याबरोबर अगदी गुळगुळीत वाटले की साईची जागा भरून निघते. केकसाठी एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. काबुली चणे शिजवलेलं दाटसर पाणी तर फेकूच नका, त्याचे तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं. ते घुसळलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. एका फ्रेंच हौशी स्वयंपाक्याने 2014 साली हे पहिल्यांदा दाखवून दिलं, त्याआधी कितीतरी स्वयंपाकघरांतून ते पाणी मोरीत जात होतं. याचा विचार केला की मला अजून हळहळ वाटते.

सुट्टीच्या दिवशी कडधान्यं एकदम शिजवून डब्यांतून गोठवून ठेवा, कामावरून आल्यावर तोच आधार असतो. राजमा मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळून उकळलाच पाहिजे. मी अर्धा तास उकळते. मंद आचेच्या भांड्यात कच्चा राजमा कधीही टाकू नका, त्यातलं विष तेवढ्या उष्णतेने मरत नाही आणि उलट्यांनी माणूस हैराण होतो. कडधान्यं एकदम वाढवल्यामुळे पोटात वायू धरत असेल तर प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

सासूबाईंबद्दल खालच्या उत्तरात सांगते, कारण ती गोष्ट माझ्याही घरात घडली आहे.

प्रश्न : मला व्हीगन होऊन दोन वर्षं झाली, तब्येत उत्तम आहे. बी-12 जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला मन तयार होत नाही. नैसर्गिक आहाराला गोळी का लागावी? मी रोज स्पिरुलिना (निळ्या-हिरव्या शेवाळाची पूड) घेतो. तेवढं पुरतं ना?

उत्तर : नाही पुरत. कृपा करून आजच गोळी सुरू करा.

माझी सुरुवातीची अडीच वर्षं तुमच्यासारखीच गेली. तब्येत उत्तम आहे असं मीही सगळ्यांना सांगत होते. सासूबाई तेव्हा रोज रात्री माझ्या उशाशी पेलाभर दूध ठेवायच्या आणि सकाळी तो तसाच उचलून न्यायच्या. त्यावरून आमच्यात अबोला होता. एक दिवस त्या म्हणाल्या, ‘तुझ्या पायातली चप्पल मागे राहिली, तुला कळलं कसं नाही?’ मला खरंच कळलं नव्हतं. पायाच्या बोटांना मुंग्या येत होत्या, ते मी उभं राहून काम केल्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. तपासणीत बी-12 अगदी तळाला गेलेलं निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, काही महिन्यांत मुंग्या गेल्या. वेळेत कळलं म्हणून गेल्या. उशीर झाला की मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.

सासूबाईंना दूध हे उत्तर वाटत होतं, ते मला मान्य नव्हतं. पण माझ्या अंगात काहीतरी कमी पडतंय हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मी त्यांचं ऐकून घेतलं असतं तर वर्षभर आधी तपासणी झाली असती. पहिल्या पत्रातल्या बाईंना मला हेच सांगायचं आहे. सासूबाईंच्या ‘सोड आता’मध्ये काळजी असते. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना रक्ताचा अहवाल दाखवा. माझा पुढचा चांगला अहवाल सासूबाईंनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचला आणि त्या रात्रीपासून पेला यायचा थांबला. नंतर माझ्यासाठी तीळ भाजून बरणी भरून ठेवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

बी-12 ना झाडं तयार करतात ना प्राणी, ते जिवाणू तयार करतात. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी त्याच्यासारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला न चालणारं रूप. त्याने साध्या तपासणीतला आकडा चांगला दिसू शकतो, म्हणून बी-12 खरंच कमी पडतंय का ते दाखवणारी मिथाइलमॅलोनिक आम्लाची तपासणी करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, तोवर माणसाला सगळं ठीक वाटतं. शिवाय आपल्या आहारात फोलेट हे दुसरं ब जीवनसत्त्व भरपूर असतं, ते रक्तक्षयाची खूण झाकून टाकतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

ब्रिटनमधली व्हीगन सोसायटी रोज 10 मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्यातून एकदा 2000 मायक्रोग्रॅमची गोळी सुचवते. आकड्यांत एवढा फरक कसा, असं वाटेल. शरीर एका वेळी फार थोडंच बी-12 नीट शोषतं, उरलेल्यातला जेमतेम शंभरावा हिस्सा आत जातो, म्हणून आठवड्याची मात्रा इतकी मोठी. कमतरता आधीच झाली असेल तर हे प्रमाण लागू नाही, मग उपचार डॉक्टरांच्या सांगण्यानुसार.

बाकीचं थोडक्यात. मीठ आयोडीनयुक्त वापरा, कारण दूध आणि मासे गेले की आयोडीनही जातं. पालकातल्या कॅल्शियमवर विसंबू नका, त्यातलं सुमारे 5 टक्केच अंगी लागतं. कॅल्शियम घालून बनवलेला टोफू आणि कोबीच्या कुळातल्या पालेभाज्या कितीतरी बऱ्या. लोहासाठी कडधान्यावर लिंबू पिळा आणि चहा-कॉफी जेवणानंतर तासाभराने घ्या. ड जीवनसत्त्वाची गोळी घेताना ते कशापासून केलंय ते वाचा, ‘डी-3’ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. दगडफुलापासून केलेलंही मिळतं.

प्रश्न : कामाच्या ठिकाणी महिन्यातून एकदा सगळे बाहेर जेवायला जातो. मागच्या वेळी मी ‘व्हीगन’ असं स्पष्ट सांगून भाज्यांचं सूप मागवलं. अर्धं संपल्यावर वाढणाऱ्याने सांगितलं की ते कोंबडीच्या अर्कात करतात. मला टेबलावरच रडू आलं. एक सहकारी म्हणाला, ‘मग आता तू व्हीगन नाहीस.’ त्यानंतर मी जायचंच बंद केलंय.

उत्तर : जायचं बंद करू नका. तुमच्या पत्रातलं हे शेवटचं वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं.

‘व्हीगन’ हा शब्द 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी इंग्लंडमध्ये रूढ केला. त्यांनी काढलेली व्हीगन सोसायटी आज जी व्याख्या देते तिच्यात ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ अशी अट घातलेली आहे. दुसऱ्याच्या चुकीने पोटात गेलेल्या अर्ध्या वाटी सुपाने तुमचं काहीही मोडलेलं नाही. तुम्हाला जे रडू आलं ते त्या कोंबडीसाठी होतं. त्याची लाज बाळगू नका.

आता पुढच्या वेळेसाठी. ‘व्हीगन’ या एका शब्दावर विसंबू नका. वाढणाऱ्याने तो ऐकलेला असतो, पण त्याच्या मनात त्याचा अर्थ ‘मांस नको’ एवढाच असू शकतो. मी पदार्थांची नावं घेते : ‘मांस, मासे, अंडी, दूध, दही, लोणी, चीज, साय, मध यांतलं काहीही नको.’ मग तीन प्रश्न विचारते. सूप किंवा रस्सा कशाच्या पाण्यात केलाय? भाज्या लोण्यात परतता की तेलात? वरून शेवटी काय घालता? चूक बहुतेक वेळा या तीन ठिकाणी होते. चौथी जागा म्हणजे सॉस. वूस्टर सॉसमध्ये परंपरेने मासे असतात, हे पुष्कळ स्वयंपाक्यांच्याही लक्षात नसतं.

हे सगळं टेबलावर, दहा भुकेल्या माणसांसमोर विचारायला संकोच वाटतो. म्हणून आदल्या दिवशी दुपारी फोन करा, दुपारचं जेवण संपून रात्रीची तयारी सुरू व्हायच्या आधी. त्या वेळी स्वयंपाकघरातल्या माणसाला बोलायला सवड असते. मला आजवर सगळ्यात छान जेवण मिळालं ते अशा फोनमुळेच. स्वयंपाक्याने खास वांगं आणि पांढऱ्या घेवड्याच्या बियांचा पदार्थ करून ठेवला होता आणि कसा झालाय ते विचारायला स्वतः बाहेर आला होता.

जागा ठरवताना शक्य असेल तर तुम्हीच दोन नावं सुचवा. निघण्यापूर्वी मूठभर दाणे किंवा ब्रेडचा तुकडा खाऊन जा. उपाशी माणसाला नीट विचारता येत नाही आणि पटकन रागही येतो. पुन्हा चूक झालीच, तर पुढे खाऊ नका, वाढणाऱ्याला बाजूला बोलावून शांतपणे सांगा. त्या सहकाऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही. पुढच्या महिन्यात त्याच्या शेजारी बसा आणि तुमच्या ताटातलं त्याला चाखायला द्या.

प्रश्न : सोया दूध कॉफीत घातलं की फाटतं. काय करू?

उत्तर : कॉफी आम्लधर्मी आणि फार गरम असते, त्या दोन्हींनी सोयाबीनची प्रथिनं गोळा होतात. कॉफी दोन मिनिटं निवू द्या. दूध कोमट करून आधी कपात ओता आणि त्यावर कॉफी हळूहळू सोडा. कमी आंबट, गडद भाजलेली कॉफी घेतलीत तर आणखी बरं. आणि खोक्यातलं दूध ओतण्यापूर्वी खोकं दर वेळी जोरात हलवा. वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं आणि न हलवता प्यायलात तर ते खोक्याबरोबर कचऱ्यात जातं.