मोबाइलवरून प्रकल्प-लेखनाचे मार्गदर्शन करताना

आपण यंदा प्रथमच अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी प्रकल्प-अहवालासाठी मोबाइलवरून मदत करणार आहात, तेव्हा व्हॉट्सॲपचा गट केवळ सूचनांसाठी ठेवावा. मसुदा गूगल डॉक्समध्ये असल्यास टिप्पण्या व जुन्या आवृत्त्या एकाच ठिकाणी राहतात आणि तो ऑफलाइन उपलब्ध करून ठेवला, तर ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या लोकलमध्ये नेटवर्क गेले तरी विद्यार्थी लिहीत राहू शकतो.

खरी अडचण व्याकरणाची नसते. काय केले आणि का केले, हे विद्यार्थ्याच्या मनात स्पष्ट नसते, म्हणून इंग्रजी वाक्य अडखळते. त्याला आधी मराठीत मिनिटभराचा व्हॉइस मेसेज पाठवायला सांगावे, त्यावर आपण दोन-तीन प्रश्न विचारावेत आणि मगच त्याने इंग्रजी परिच्छेद लिहावा. (यंत्राने भाषांतर केल्याचे जाणवले, तरी त्यावरून रागावण्यापेक्षा तो मुद्दा तोंडी समजावून घेणे अधिक उपयोगी पडते.) एका वेळी एकच परिच्छेद तपासावा आणि प्रत्येक चूक स्वतः दुरुस्त न करता वारंवार होणारी एखादीच दाखवावी, उदाहरणार्थ, कार्यपद्धतीच्या प्रकरणात पूर्ण झालेल्या कामासाठी भूतकाळ न वापरणे.

नमुन्यासाठी शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंधांची अनुक्रमणिका पाहण्यास सांगावी. पूर्ण प्रबंध मोबाइलवर वाचण्याचा आग्रह धरू नये. तक्ते, समास व पृष्ठक्रमांक यांचे काम महाविद्यालयातील संगणकावरच करवून घ्यावे.