सोनटक्का कुंडीत मस्त वाढतो पण फुलं येत नाहीत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं झाली, कुंडी पानांनी गच्च भरलीय पण कळी नाही. सोनटक्क्याचं हे फार कॉमन आहे आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं, गड्ड्यांना जागा उरलेली नसते. हा आलं-हळदीच्या कुळातला, जमिनीखाली गड्डे आडवे पसरत जातात, दहा इंची कुंडीत ते वर्षभरात कडेला भिडतात आणि मग येणारे कोंब बारीक येतात, अशा बारीक दांड्याला फूल येणं अवघडच.

दुसरं म्हणजे एका दांड्याला आयुष्यात एकदाच तुरा येतो. शेंड्याला तो हिरवा कणसासारखा भाग येतो ना, त्यातून काही दिवस एकेक करून फुलं निघतात, ती संपली की तो दांडा परत कधीच फुलत नाही, तो सरळ मुळापासून कापायचा. लोक जीव तुटतो म्हणून ठेवतात आणि नव्या कोंबांना ना उजेड मिळत ना जागा. पण एक सांभाळा, ज्याला अजून फूल आलंच नाही त्याचा शेंडा चुकूनही छाटू नका, फूल तिथेच येणार असतं.

तर मे महिन्यात किंवा पावसाच्या तोंडावर सगळं उपसा, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे राहतील असे गड्डे तोडा आणि सोळा-अठरा इंच रुंद टबमध्ये दोन-तीनच तुकडे लावा, वर जेमतेम दोन इंच माती. टबला भोकं हवीतच. मातीत शेणखत नाहीतर गांडूळखत सढळ हाताने घाला, युरिया अजिबात नको, त्याने नुसता पालाच माजतो. ते फ्लॉवर बूस्टर वगैरे मला तरी पैसे वाया घालवणं वाटतं.

ऊन सकाळचं चार-पाच तास मिळालं पाहिजे, दुपारचं कडक लागलं तर पानांच्या कडा करपतात. आणि पाणी भरपूर! मूळचा हा पूर्व हिमालयाच्या बाजूचा, ओढ्याकाठच्या ओल्या जागी रमणारा, क्यूबाचं तर हे राष्ट्रीय फूल आहे आणि हवाईत इतका पसरलाय की तिथे त्याला उपद्रवी मानतात. इतकं दणकट झाड आपल्याकडे उन्हाळ्यात कुंडी सुकल्यामुळेही अडतं, त्यामुळे मार्च ते मे माती कोरडी पडू देऊ नका, कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) पण कोरड्या हवेतच जास्त लागतो, पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारत जा. थंडीत पानं पिवळी पडली तर घाबरू नका, तेव्हा पाणी कमी करायचं.

एवढं केलं की साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर तुरे यायला हवेत. यंदा उशिरा लावलात आणि दांडे कमरेएवढे झालेच नाहीत तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा, मधेच परत उपटून बघू नका.